शिडी धरणारा

“पडताना ह्यांचं अंग आखडलं होतं का? हातपाय झटकले का? तुम्ही तर खालीच होतात ना?” असं डॉक्टरीणबाईंनी मला वॉर्डाच्या दाराशी विचारलं आणि मी म्हणालो, “माझं लक्ष वर नव्हतं.” वाक्य खरं होतं. खोटं बोलणं मला कधीच नीट जमलेलं नाही, पण गेल्या चार दिवसांत माझ्या लक्षात आलंय की त्याची तशी गरजही पडत नाही. खरं बोलता बोलता जरा आधी थांबलं की भागतं. बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. माझ्या मुलीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील, डोळ्यांखाली काळं झालेलं, हातातल्या कागदावर एक चौकोन रिकामा. पायाची काळजी नाही, म्हणाल्या, नडगी दोन ठिकाणी मोडलीय पण हाड जुळेल. प्रश्न आहे तो पडला का हा. त्याला स्वतःला काही आठवत नाही, ‘खालचं सगळं एकदम हललं’ एवढंच सांगतो. त्याची आई म्हणते, लहानपणी तापात दोनदा झटके आले होते. डोक्याला तारा लावून काढलेल्या रिपोर्टात काही दिसत नाही, पण दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं म्हणता येत नाही. “फिट आली असेल तर ह्यांना पुन्हा शिडीवर चढू देता येणार नाही. तसं मला कागदावर लिहावं लागेल. पाहणारे तुम्ही एकटे. उद्या सकाळी राउंडला येईन, तोवर नीट आठवून ठेवा.” मी बरं म्हणालो. माझ्या शेजारी माझी बायको उभी होती. पडला तो तिचा धाकटा भाऊ.

घरात त्याला सगळे बारक्या म्हणतात, चौतिशी आली तरी. धंद्याने रंगारी. जमिनीवर तो तसा गबाळा माणूस, चहा सांडेल, चपला उलट्या घालेल, सांगितलेल्या चार वस्तूंपैकी तीनच आणेल. पण शिडीच्या आठव्या पायरीवर पोचला की तो कोणी वेगळाच होतो. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथली रेघ तो पट्टी न लावता मारतो, एका दमात, तोंडाने शीळ घालत. इतर रंगारी खाली उभं राहून बघतात आणि बघत नसल्यासारखं दाखवतात. मी फौजेतून परत आलो तेव्हा दोन ठिकाणी रखवालदारी धरली आणि सोडली, मग आठ महिने घरात बसून बायकोच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावत होतो. तेव्हा हा एका दुपारी आला. बारा वर्षांनी लहान मेहुणा, बहिणीच्या नवऱ्याला माझ्या हाताखाली या असं कोणत्या तोंडाने म्हणणार? दोन ग्लास पाणी प्याला, घसा खाकरला, आणि म्हणाला, “दाजी, रंग काय, कोणीही मारतं. मला शिडी धरायला विश्वासाचा माणूस पाहिजे.” या गोष्टीला सहा वर्षं झाली. कामावर सगळे मला मेजर म्हणतात. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि अठरा वर्षांनी शिपाई म्हणूनच बाहेर पडलो. बढती मला रंगाऱ्यांनी दिली.

त्या दिवशी काम असं काही उरलंच नव्हतं. तीन मजली इमारत, महिनाभर चाललेलं बाहेरचं रंगकाम, आदल्या दिवशी बांबूंची परांची उतरवून नेलेली, आणि मागच्या अंगाला पहिल्या मजल्याच्या खिडकीवर वीतभर पट्टा राहून गेलेला. बारक्या म्हणाला, दहा मिनिटांचं काम, शिडी लावू. तिथे खाली गुळगुळीत फरशी आहे, शिडी मागे सरकते, म्हणून धरणाऱ्याने खालच्या पायरीवर एक पाय रोवायचा आणि दोन्ही दांडे घट्ट धरायचे. हे एवढंच माझं काम, आणि सहा वर्षांत त्यात कधी चूक झाली नव्हती. कुंपणाच्या भिंतीपलीकडे शाळा आहे. आम्ही काम धरलं तेव्हापासून तिला सुट्टी होती, आणि ती नेमकी त्याच दिवशी उघडली. लाउडस्पीकर खरखरला, एक भरदार आवाज म्हणाला, “शाळा, सावधान!” आणि माझा पाय पायरीवरून निघाला. तो मी काढला असं मला म्हणता येत नाही, आणि नाही काढला असंही म्हणता येत नाही. टाचेला टाच लागली, हात दांड्यांवरून सुटून पँटच्या शिवणीला गेले, हनुवटी वर झाली. राष्ट्रगीत सुरू झालं. पहिली ओळ संपेपर्यंत शिडी जागेवर होती. मग बारक्या डावीकडे वाकला असावा, कारण फरशीवर रबर घासल्याचा आवाज आला, आणि “दाजी!” अशी हाक आली, आणि मग तो आवाज, ज्याचं वर्णन करायची माझी इच्छा नाही. त्यापुढचं मी चार दिवस मनातल्या मनातही पुरतं म्हटलेलं नाही, पण ते इतकंच आहे की मी हललो नाही. तो माझ्या डाव्या बाजूला चार हातांवर पडला होता, आधी कण्हत होता, नंतर कण्हणं थांबलं. माझ्या डोळ्यांसमोर भिंत होती आणि तिच्यावर अर्धा पट्टा ओला होता. मी तो ओला पट्टा बघत उभा होतो.

लोकांना वाटतं अशा वेळी माणसाच्या मनात देश असतो. माझ्या मनात काहीही नव्हतं. इतकं रिकामं, इतकं निवांत मला एरवी कुठेच वाटत नाही, आणि याचीच मला लाज वाटते. भरतीच्या पहिल्या वर्षी आम्हा साठ पोरांना एका लांबलचक बराकीत ठेवलं होतं. बोली साठ तऱ्हांच्या, जेवायच्या सवयी साठ तऱ्हांच्या, एकाला एकाचं कळायचं नाही. कवायत शिकवणारे उस्ताद म्हणायचे, तुम्ही अजून माणसं नाहीत, गोळा केलेला माल आहात. मग त्यांनी आम्हाला चालायला शिकवलं. एकोणीस वर्षं चालत आलेल्या पोराला चालायला शिकवतात हे तेव्हा मजेशीर वाटलं होतं. तीन महिन्यांनी साठ टाचा एकदम जमिनीवर आपटायला लागल्या आणि त्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज म्हणजे देश असं मी ठरवून टाकलं, कारण दुसरं काही दाखवलंच नव्हतं कोणी. पुढे अठरा वर्षांत मी देशाचं जे राखलं ते म्हणजे एका टेकडीवरची पाण्याची टाकी, नंतर जुन्या टायरांचं एक कोठार. शत्रू एकदाच पाहिला, दुर्बिणीतून. तो दाढी करत होता. हे मी कोणाला सांगत नाही, कारण विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. सीमेवर होतात का, असं लोक विचारतात तेव्हा मी ‘होतो’ म्हणतो आणि थांबतो.

बारक्या पडल्यापासून मला गवई आठवतो. रांगेत तो माझ्या डावीकडे असायचा. गायचा म्हणून गवई, आवाज बेताचाच, पण हौस दांडगी. मोठ्या संचलनाची तालीम होती, उन्हात दीड तास सावधान. गवई डुलायला लागला हे मला डोळ्याच्या कोपऱ्यातून कळत होतं. कळत होतं आणि नियमही ठाऊक होता: रांगेत कोणी पडला तर शेजाऱ्याने हलायचं नाही, मागून दोघे येतील ते उचलतील. तो तोंडावर पडला, गुडघे न वाकवता, दार चौकटीतून निखळावं तसा. समोरचे दोन दात तुटले. माझ्या बुटावर रक्त उडालं आणि मी हललो नाही. संध्याकाळी उस्तादांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, हा देश अशांच्या पायांवर उभा आहे. तीन महिन्यांत त्यांनी मला उद्देशून काढलेला तो पहिला बरा शब्द. मी त्याच दिवशी घरी पत्र लिहिलं, दोन पानं, थापेसकट. आईचं उत्तर आलं शेजाऱ्याच्या हातचं, तिला लिहिता येत नव्हतं: इकडे सर्व ठीक, तब्येतीस जपणे, आणि त्या पोराला मग कोणी उचललं का रे? मला तिचा इतका राग आला होता. एवढं सगळं लिहिलं आणि हिने विचारलं काय, तर हे. बायकांना काय कळतंय असं म्हणून मी पत्र ट्रंकेत टाकलं आणि पुढच्या पत्रात त्याचं उत्तर दिलं नाही. आई जाऊनही आता नऊ वर्षं झाली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं त्या संध्याकाळी घरी जेवायला बसलो. बायकोने वाढलं आणि स्वतः न जेवता समोर बसून राहिली. मी चार मिनिटांत जेवतो, ती पूर्वी त्यावरून चिडवायची, गाडी सुटतेय का म्हणायची. आता चिडवत नाही. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, त्यातली निम्मी मी सुट्टीवर येणारा पाहुणा होतो. कायमचा परत आलो तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती, आणि मी हाक मारली की ती हातातलं टाकून उभी राहायची, मला वाटायचं काय वळण आहे पोरीला, आणि एक दिवस बायको म्हणाली, “ते वळण नाहीये, ती घाबरते.” चादरीचे कोपरे, चपलांची रांग, सकाळी पाच म्हणजे पाच, या सगळ्यावर आमची भांडणं होऊन संपली. शेवटचं भांडण झालं तेव्हा ती अगदी हळू म्हणाली होती, “तुम्ही घरी आलाच नाहीत. तुमची नुसती इकडे बदली झाली.” मी तेव्हा दुखावलो होतो. नंतर विचार केला तेव्हा वाटलं, इतकं बरोबर मला कोणी ओळखलेलं नाही. जेवून मी हात धुतले तेव्हा ती म्हणाली, “काहीतरी पाहिलं असेल हो तुम्ही. आठवा ना. त्याची शिडी गेली तर तो काय करेल? त्याला दुसरं काय येतं?” मी नळ बंद केला. “आठवतो,” म्हणालो.

आठवायचं काय होतं? शिडी मी सोडली, एवढं म्हटलं की बारक्याच्या डोक्यावरचा आळ जातो आणि तो पुन्हा चढतो. एवढं म्हणायला माझी जीभ का उचलत नव्हती, याचा मी अंथरुणात पडून पडून विचार केला. लोक मला बोल लावतील ही भीती होतीच, पण खरी भीती उलटी होती. राष्ट्रगीत चालू होतं म्हटल्यावर कोणी मला काही बोलणारच नाही. उलट मान हलवतील. मी एका माणसाला खाली टाकलं आणि त्याच्याकडे बघितलंही नाही, या गोष्टीला इतकं चांगलं कापड मिळणार होतं की खालचं कोणाला दिसणारच नव्हतं. मलाही काही दिवसांनी दिसेनासं झालं असतं. गवईच्या वेळी तसंच झालं होतं, मी अठरा वर्षं त्या थापेवर काढली होती.

पाचव्या दिवशी सकाळी शिडी आणि डबे आणायला त्या इमारतीवर गेलो. दवाखान्यात जायच्या आधी हे काम उरकून टाकावं असं बायकोला सांगितलं, पण मला ठाऊक होतं मी कशाला जातोय. मागच्या अंगाला शिडी भिंतीकडेला आडवी ठेवलेली, फरशी कोणीतरी धुतलेली, अर्धा पट्टा वाळून कोरड्या भागापेक्षा गडद झालेला. मी रंगाच्या उलट्या डब्यावर बसलो. मनाशी पक्कं ठरवलं होतं की आज उठायचं नाही. कोणाचा अपमान करायचा नव्हता मला, फक्त बघायचं होतं की हुकूम आणि पाय यांच्यामधे मी कुठे आहे का. भिंतीपलीकडे मुलांचा गलका चालू होता, मग तो विरला, लाउडस्पीकर खरखरला, आणि तो आवाज आला. मी दोन्ही हातांनी डब्याची कड पकडली. खरंच पकडली, नखं पांढरी झाली. पुढे काय झालं त्याचा क्रम मला लावता येत नाही. गीत सुरू झालं तेव्हा मी उभा होतो, हात शिवणीला होते आणि डबा मागे घरंगळत जात होता. करंगळी हलवायचा प्रयत्न केला. ती माझी होती, मला दिसत होती, आणि ती हलली नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो जुना निवांतपणा आला, तसाच, जणू काही झालंच नव्हतं.

संपल्यावर मागे वळलो तर फाटकावरचा रखवालदार उभा होता. त्याच्या पोराला फौजेत घालायचंय, म्हणून तो मला फार मान देतो. “मेजर,” तो म्हणाला, “त्या दिवशी पण मी बघितलं तुम्हाला. मी मागच्या फाटकापाशी होतो. माणूस पडला, पण तुम्ही जागचे हलला नाहीत. मी घरी जाऊन पोराला सांगितलं, म्हटलं याला म्हणतात शिस्त. आजकाल कोण उभं राहतंय असं?” मी विचारलं, “तुम्ही का नाही आलात मग धावत?” तो जरा ओशाळला. “तुम्ही उभे होतात ना. मला वाटलं, हे हलले नाहीत म्हणजे हलायचं नसेल.” मग त्याने आवाज खाली आणला. “कोणी काही विचारलं ना, तर सरळ सांगून टाका राष्ट्रगीत चालू होतं म्हणून. मी साक्ष देतो. बघू कोणाची छाती आहे पुढे बोलायची.” त्याने शिडीचं एक टोक धरून रस्त्यापर्यंत मदत केली. चांगला माणूस आहे. मला त्याच्या पोराची फार काळजी वाटली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा राउंड अजून यायचा होता. बारक्या उशीला टेकून बसला होता, पाय दोरीने टांगलेला, दाढी वाढलेली. बायको खाटेपाशी टॉवेलच्या घड्या घालत होती. मला बघून तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. “दाजी, त्या बाई फिटचंच धरून बसल्यात. मी डोळे मिटतो आणि आत बघत बसतो, काही हलतंय का. आता तर खाटेवरून खाली वाकायचीसुद्धा धास्ती वाटते. माझंच डोकं मला दगा देणार असेल तर मी वर कोणाच्या भरवशावर जाऊ?” मी म्हणालो, “तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही. शिडी मी सोडली.” तो बघत राहिला. “आईशप्पथ?” “आईशप्पथ.” मग त्याचे डोळे भरले, तो हसायला लागला, हसता हसता पाय दुखला म्हणून कळवळला आणि पुन्हा हसला. “ताई, ऐकलंस का? मला काही नाहीये! अहो दाजी, मग चार दिवस गप्प का बसलात? माझा इथे जीव जायची वेळ आली. हात काय, कोणाचाही सुटतो हो. माझ्या हातून ब्रश पडत नाही का?” बायकोने माझ्या दंडावर हात ठेवला. कित्येक वर्षांत तिने असा हात ठेवलेला नव्हता.

तिथे थांबता आलं असतं. शिडी सोडली हे खरं होतं, आणि त्याला हवं ते त्याला मिळालं होतं. मी म्हणालो, “सुटला नाही. शाळेत सावधान म्हणाले.” त्याला पटकन कळलं नाही, मग कळलं, आणि त्याने ते हसण्यावारी नेण्याचा प्रयत्न केला. “म्हणजे अठरा वर्षांची सवय. त्याला तुम्ही तरी काय करणार?” मग म्हणाला, “मी ओरडलो असेन ना?”

“ओरडलास. दाजी म्हणून.”

“तुम्हाला ऐकू आलं?”

“आलं.”

“मग?”

“राष्ट्रगीत चालू होतं.”

बायकोचा हात माझ्या दंडावरून निघाला. निघाला तेव्हाच मला कळलं. बारक्या टांगलेल्या पायाकडे बघत होता. “संपेपर्यंत?” त्याने विचारलं.

“संपेपर्यंत.”

“आणि संपल्यावर आलात.”

तो मला वाट करून देत होता, मला ते दिसत होतं. पण मी इतका थकलो होतो की पुन्हा एकदा अलीकडे थांबायची ताकद माझ्यात नव्हती. “लगेच नाही,” मी म्हणालो. “संपल्यावर पोरं चुळबुळ करायला लागली. पी.टी.चे मास्तर त्यांना दटावत होते. मग त्यांनी विश्राम दिला. तो दिल्यावर मी तुझ्याकडे आलो.”

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकला आणि थांबला. मी शिवी ऐकायच्या तयारीने उभा होतो. शिवी मिळाली असती तर मला बरं वाटलं असतं. बारक्याने माझ्याकडे वर पाहिलं, पायांपासून तोंडापर्यंत, एखादी भिंत काम घ्यायच्या आधी तो बघतो तसं, कुठे कुठे ओल गेलीय ते. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला, सापडला नाही.

“ताई,” तो बहिणीला म्हणाला, “दाजींना स्टूल दे. आणि बसा म्हण त्यांना. कोणी म्हटल्याशिवाय ते बसायचे नाहीत.”

बायकोने खाटेखालचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. बोलली मात्र काही नाही, आणि मी तिच्या बोलण्याची वाट बघत उभा राहिलो.